पुढची काठी : बांबू उडीचा इतिहास आणि तालमीचा वारसा



इतिहासाच्या व्याख्यानात बांबू उडी कशासाठी, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. पोल व्हॉल्ट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला तो टीव्हीवर, तोही चार वर्षांतून एकदा, ऑलिम्पिकच्या वेळी. पण नावाकडे जरा बघा. मोठ्या स्पर्धांतून बांबू हद्दपार होऊन साठ-सत्तर वर्षं झाली, तरी मराठीत आपण या खेळाला ‘बांबू उडी’च म्हणतो. या खेळाच्या इतिहासातलं एक आख्खं प्रकरण आपल्या भाषेत जपून ठेवलेलं आहे.

त्या इतिहासातला एकच धागा आज आपण धरणार आहोत. खेळाडू हातातली मऊ काठी सोडून पुढची, जास्त कडक काठी कधी घेतो? आणि ती पुढची काठी त्याला मिळते कुठून? यातला पहिला प्रश्न शरीराचा आणि पदार्थविज्ञानाचा आहे. दुसरा मालकीचा आहे. त्या दुसऱ्या प्रश्नाला आपल्या तालमींनी एक उत्तर शोधून ठेवलं होतं. म्हणून हा विषय प्रभादेवीत, गिरणगावात बोलण्यात अर्थ आहे.

आधी काठी समजून घेऊ. आजचा पोल म्हणजे फायबरग्लासची, आतून पोकळ अशी नळी. काही पोलमध्ये कार्बनचे तंतूही असतात. नियम असा, की पोल कोणत्याही पदार्थाचा, कितीही लांब आणि कितीही जाड चालेल, फक्त तो गुळगुळीत हवा. पोलवर लांबी लिहिलेली असते आणि एक वजन लिहिलेलं असतं. ते वजन पोलचं नव्हे. किती वजनाच्या खेळाडूसाठी तो बनवला आहे, ते सांगणारा तो आकडा. तो बहुधा पौंडांत असतो आणि पाच-पाच पौंडांच्या पायऱ्यांनी चढत जातो. याशिवाय ‘फ्लेक्स’ नावाचा एक आकडा असतो. पोल दोन बाजूंना टेकवायचा, मधोमध ठरावीक वजन टांगायचं आणि तो किती सेंटीमीटर वाकला ते मोजायचं. आकडा जितका लहान, तितका पोल कडक.

इथे एक गंमत आहे. तोच पोल थोडा वर धरला तर मऊ लागतो आणि खाली धरला तर कडक. त्यामुळे पोलचा कडकपणा हा एकट्या पोलचा गुण नाही. खेळाडूचं वजन, त्याचा वेग आणि त्याची पकड किती उंचावर आहे, या सगळ्यांशी मिळून तो ठरतो.

मग पोल बदलायची वेळ झाली हे ओळखायचं कसं? समजा, सराव चांगला झालाय, धाव वाढलीय. आता खेळाडूने खोबणीत टेकवलेला पोल पूर्वीपेक्षा जास्त वाकतो आणि सरळ व्हायला उशीर लावतो. खेळाडू वर जाण्याऐवजी पुढे फेकला जातो आणि गादीच्या पार मागच्या भागात पडतो. आडवी दांडी गादीच्या दिशेने ८० सेंटीमीटरपर्यंत मागे सरकवायची मुभा असते. ती तितकी सरकवूनही वर जाता जाताच अंग दांडीला लागत असेल, तर प्रशिक्षक सांगतो, हा पोल आता संपला, पुढचा घे. याच्या उलटही होतं. पोल घाईने कडक घेतला तर तो उभा होतच नाही. खेळाडू अर्ध्यात अडकतो आणि धावपट्टीच्या बाजूला मागे येतो. तिथे गादी नसते. म्हणून एकदम तीन-चार पायऱ्या ओलांडून कडक पोल हातात देणं हा निव्वळ धोका आहे. आणि वजनाला न पेलणाऱ्या मऊ पोलवर उडी मारत राहणं, हाही धोकाच. तो मोडू शकतो.

आता एक गैरसमज दूर करू. कडक पोल घेतला की उंची वाढते, असं पुष्कळांना वाटतं. गणित करून पाहा. सेकंदाला ८ मीटर वेगाने धावणाऱ्याच्या अंगात जी ऊर्जा असते, ती पूर्ण वापरली तर त्याचं शरीर साधारण ३.३ मीटर वर उचललं जाईल. वेग ९ मीटर झाला तर ४.१ मीटर. १० झाला तर ५.१. शरीराचा गुरुत्वमध्य मुळातच जमिनीपासून मीटरभर उंच असतो, तो यात मिळवायचा. शिवाय हवेत असताना खेळाडू हाता-खांद्यांनी जोर लावून थोडी भर घालतो. पण मूळ भांडवल धावेचं. पोल पतपेढीसारखा आहे. ठेवलं तेवढं तो क्षणभर सांभाळतो आणि परत करतो. ज्याच्याकडे ठेवायला जास्त आहे, त्याला मोठी तिजोरी लागते. कडक पोलचा अर्थ एवढाच. उंची आधी पायांत येते, पोल मागून येतो.

हे लक्षात ठेवून आता इतिहासाकडे वळू.

काठीच्या आधाराने ओढे-कालवे ओलांडणं जगात जुनंच. पण व्यायामप्रकार म्हणून काठीच्या उडीचं वर्णन जर्मन व्यायामशिक्षक गुट्समुथ्स याच्या १७९३ च्या पुस्तकात सापडतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये काही जण जड लाकडी काठी जमिनीत रोवायचे, ती उभी राहिली की तिच्यावर हात सरकवत वर चढायचे आणि मग दांडीपलीकडे उडी घ्यायचे. मल्लखांबाची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल. पुढे नियमाने ही चढाई बंद केली. आजही पाय जमिनीवरून सुटल्यावर खालचा हात वरच्या हाताच्या वर नेता येत नाही. या नियमाने खेळाची दिशाच बदलली. पकड एकदा ठरली की ठरली. आता उंची वाढवायची तर धाव वाढवा, नाहीतर काठी बदला.

१८९६ साली अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिम्पिक झालं. तिथे अमेरिकेच्या विल्यम हॉइटने ३.३० मीटर उडी मारून सुवर्णपदक मिळवलं. तेव्हाच्या लाकडी काठ्या जड आणि जवळजवळ न वाकणाऱ्या. कडकपणा भरपूर होता, पण खोबणीत काठी आदळली की सगळा हिसका खांद्यात बसायचा आणि धावेतली बरीच ऊर्जा तिथेच वाया जायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांबू आला. हलका, त्यामुळे धाव वाढली. जरासा वाकणारा, त्यामुळे हिसका कमी झाला.

बांबूच्या काळातलं एक वर्ष आपल्याला जवळचं आहे, १९३६. बर्लिन ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा अर्ल मेडोज ४.३५ मीटरवर जिंकला. जपानचे शुहेई निशिदा आणि सुएओ ओए दोघेही ४.२५ वर थांबले. निशिदाला रौप्य मिळालं, ओएला कांस्य. मायदेशी परतल्यावर दोघांनी आपापली पदकं मधोमध कापून घेतली आणि अर्धं रौप्य, अर्धं कांस्य अशी जोडून वाटून घेतली. ओए पुढे १९४१ मध्ये युद्धात मारला गेला. त्याच बर्लिनमध्ये आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक देशी खेळ आणि व्यायाम दाखवायला गेलं होतं. एका बाजूला बांबूवरून झेप घेणारे जपानी, दुसऱ्या बाजूला वऱ्हाडातले आखाड्याचे गडी. देशी व्यायाम आणि आधुनिक मैदानी खेळ एकाच गावात, एकाच उन्हाळ्यात.

बांबूचा शेवटचा मोठा खेळाडू कॉर्नेलियस वॉर्मरडॅम. १९४० मध्ये त्याने प्रथमच १५ फुटांची, म्हणजे ४.५७ मीटरची उडी मारली. १९४२ मध्ये ४.७७ मीटर. हा विक्रम १९५७ पर्यंत टिकला, तब्बल १५ वर्षं. या काळात ॲल्युमिनियम आणि पोलादाच्या नळ्या आल्या होत्या, तरी बांबूवरचा माणूस पुढेच. वॉर्मरडॅमने पदार्थ बदलला नव्हता, आहे त्या पदार्थाचा कस काढला होता. धातूचे पोल त्याच्या पुढे गेले, पण किती? डॉन ब्रॅगचा १९६० चा विक्रम ४.८० मीटर. १८ वर्षांत ३ सेंटीमीटर.

मग फायबरग्लास आलं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ग्रीसच्या जॉर्जिओस रूबानिसने त्यावर कांस्यपदक मिळवलं. १९६१ मध्ये जॉर्ज डेव्हिसने ४.८३ मीटरचा विश्वविक्रम केला, फायबरग्लासवरचा पहिला. ऑगस्ट १९६३ मध्ये जॉन पेनेल ५.२० वर. दोन वर्षांत ३७ सेंटीमीटर! साहजिकच ओरड झाली. ही उडी नव्हे, गोफण आहे, असं जुने लोक म्हणू लागले. पण गोफणीने उंची फुकट दिली नव्हती. पोल खूप वाकतो म्हणून उंच पकड घेता येऊ लागली, जोरात धावता येऊ लागलं. खाली वाळू आणि भुसा जाऊन फोमच्या जाड गाद्या आल्या म्हणून उंचावरून पाठीवर पडण्याची भीती गेली. आणि याच टप्प्यावर आपला आजचा विषय जन्माला आला. लाकडाच्या किंवा बांबूच्या काळात खेळाडूकडे त्याची एक चांगली काठी असली तरी भागायचं. फायबरग्लासच्या काळात एका काठीवर भागेना. वेगाच्या प्रत्येक पायरीला वेगळा पोल लागू लागला. काठीची जागा काठ्यांच्या मालिकेने घेतली.

मालिका आली की मालकी आली. याचं सर्वांत बोलकं उदाहरण १९७२ चं म्युनिक. अमेरिकेचा बॉब सीग्रेन १९६८ चा विजेता होता आणि नुकताच ५.६३ मीटरचा विश्वविक्रम करून आला होता. त्याच्याकडे नव्या बनावटीचा पोल होता. आंतरराष्ट्रीय महासंघाने तो पोल आधी बंद केला, मग बंदी उठवली आणि स्पर्धा तोंडावर आली असताना पुन्हा लादली. कारण दिलं, की हा पोल आधीचे बारा महिने सर्व खेळाडूंना उपलब्ध नव्हता. सीग्रेनला अनोळखी पोलवर उतरावं लागलं. पूर्व जर्मनीच्या वोल्फगांग नॉर्डविगने ५.५० मीटरवर सुवर्ण घेतलं, सीग्रेन ५.४० वर रौप्यपदकापाशी थांबला. १८९६ पासून प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये बांबू उडी अमेरिकेनेच जिंकली होती, ती साखळी तिथे तुटली. शेवटच्या उडीनंतर सीग्रेनने तो पोल नेऊन महासंघाचे अधिकारी एड्रियन पॉलेन यांच्या मांडीवर ठेवला. तुमचा पोल तुम्हालाच घ्या, असा त्याचा अर्थ.

या प्रसंगात अन्याय झाला असं बहुतेकांना वाटतं, आणि खेळाडूवर तो झालाच. ऐनवेळी हातातला पोल काढून घेणं म्हणजे काय, हे आपण मघाशी पाहिलं. पण महासंघाने दिलेलं कारण नीट ऐका. सर्वांना उपलब्ध नव्हता. म्हणजे पोल सर्वांना मिळाला पाहिजे, तरच शर्यत खरी, हे तत्त्व त्यांनी मान्य केलं होतं. प्रश्न असा, की हे तत्त्व फक्त नव्या पोलला का लावायचं? ज्या देशांत जुनाही पोल मिळत नव्हता, त्या देशांच्या खेळाडूंचं काय? तो प्रश्न म्युनिकमध्ये कुणी विचारला नाही.

यानंतरचा इतिहास मालिका हाताशी असलेल्यांचा आहे. सर्गेई बुबकाने १९८५ मध्ये पॅरिसला प्रथम ६ मीटर ओलांडले आणि १९९४ मध्ये ६.१४ पर्यंत गेला. त्याचं वैशिष्ट्यच हे, की तो उंच पकड घेऊन फार कडक पोलवर उड्या मारायचा. महिलांची स्पर्धा ऑलिम्पिकमध्ये यायला २००० सालचं सिडनी उजाडलं. पाच वर्षांत येलेना इसिनबायेवा ५ मीटरवर पोचली. आर्मांड डुप्लँटिसने सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोला ६.३० मीटर केले. अशा खेळाडूंच्या सोबत स्पर्धेला पोलचा भाराच असतो. वारा कसा आहे, पाय आज कसे चालतायत, यावर त्या दिवशी कोणता काढायचा ते ठरतं.

आता आपल्याकडे. विजयपाल सिंगचा १९८७ चा राष्ट्रीय विक्रम ५.१० मीटर. त्या वर्षी बुबका ६.०३ वर होता. २०२२ मध्ये गांधीनगरच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तमिळनाडूच्या शिवाने ५.३१ केले. ३५ वर्षांत २१ सेंटीमीटर. महिलांत व्ही. एस. सुरेखाने २०१४ मध्ये ४.१५ मीटर उडी मारली होती. रोझी मीनाने २०२२ मध्ये ती ४.२० वर नेली. मग २०२५ मध्ये मध्य प्रदेशच्या देव मीनाने एप्रिलमध्ये कोचीला ५.३५ आणि जुलैत जर्मनीतल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत ५.४० मीटर केले. वेग आता वाढलाय, हे उघड आहे.

इतकी वर्षं का लागली, याचं एकच कारण सांगणं चुकीचं होईल. धावपट्ट्या, गाद्या, जाणते प्रशिक्षक, सगळ्याचीच वानवा होती. पण पोलचा हिशेब त्यात मोठा आहे. चांगले पोल बहुतेक परदेशातून येतात. पोल घडी होत नाही. पाच मीटरची नळी रेल्वेच्या डब्यात कुठे ठेवायची? जानेवारी २०२६ मध्ये याच देव मीनाला आणि त्याच्या सहकाऱ्याला स्पर्धेहून परतताना पनवेल स्थानकात पोलवरून अडवलं गेलं आणि काही तास फलाटावर काढावे लागले. विक्रमवीराची ही कथा, तर जिल्ह्याच्या पातळीवरच्या मुलाची काय असेल, याची कल्पना करा. आपल्या प्रभादेवी स्थानकाचा जिना गर्दीच्या वेळी नुसती पिशवी घेऊन चढताना काय होतं, ते इथे कुणाला सांगायला नको.

आणि म्हणून मधली पायरी गळते. मुलाची धाव वाढते, जुना पोल मऊ पडतो, पण पुढचा पाच पौंडांनी कडक पोल तिथे नसतोच. असलाच तर एकदम वीस पौंडांनी कडक. मग तो दोनपैकी एक करतो. मऊ पोलवरच राहतो, मुद्दाम धाव आखडती घेतो आणि वर्षभरात कमावलेलं गमावतो. नाहीतर न पेलणारा पोल घेतो, एकदा मागे पडतो आणि मनात भीती बसते. बाहेरून बघणारे म्हणतात, पोरात दम नव्हता. दम होता, पायरी नव्हती.

इथे आपल्याला तालमीकडे परत यायचंय. लेझीम हा शब्द घ्या. आज ती गणपतीच्या मिरवणुकीत छमछम वाजते. पण फारसीत हा शब्द सरावाच्या मऊ धनुष्याचा. तिरंदाजी शिकणारा आधी मऊ धनुष्य ओढायचा, मग चढत्या क्रमाने कडक. दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेली जड लेझीम ताकदीच्या व्यायामासाठी वापरली जायची. म्हणजे मऊकडून कडक धनुष्याकडे जाण्याची शिस्त आपल्या एका वाद्याच्या नावात दडलेली आहे. जोडी, मुदगल, करेल, नाल यांचंही तेच. हलकी जोडी फिरवणाऱ्या पोराला वस्ताद एकदम जड जोडी देत नसे. मनगट आणि खांदा बघून, श्वास बघून तो मधली उचलायला सांगे.

पण मधली जोडी तिथे असायची, हे महत्त्वाचं. आणि ती त्या पोराची नसायची, तालमीची असायची. गिरणगावात चाळींच्या आसऱ्याने व्यायामशाळा उभ्या राहिल्या त्या वर्गणीवर, कधी जॉबरच्या तर कधी गल्लीतल्या दादाच्या आश्रयावर. या व्यायामशाळांचं वस्तीच्या आणि कामगारांच्या राजकारणात काय स्थान होतं, ते इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी तपशिलाने मांडलं आहे. हे चित्र आपण गुलाबी करायला नको. आश्रय देणारा हक्कही गाजवत असे. जातीची कुंपणं होती. बायकांना तर बहुतेक ठिकाणी दारच बंद. तरीही एक गोष्ट या तालमींनी साधली. गिरणीत पाळी करून आलेल्या मुलाला पुढची जोडी विकत घ्यावी लागत नव्हती. अंगात ताकद आली की भिंतीला टेकलेली पुढची जोडी त्याची वाट बघत असायची. जवळच शिवाजी पार्कला मल्लखांबाची परंपरा याच सामायिक साधनांवर वाढली, इतकी की पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा २०१९ मध्ये तिथेच भरली.

बांबू उडीला नेमकं हेच हवंय. प्रत्येक जिल्ह्यात शंभर मैदानं कुणी मागत नाही. एका विभागात एक ठिकाण असावं. तिथे मुलामुलींच्या सुरुवातीच्या पोलपासून वरपर्यंत, पाच-पाच पौंडांनी चढत जाणारी, मध्ये खंड नसलेली मालिका असावी. पोल संस्थेचे, नोंदवहीत लिहिलेले. एक मूल पुढे सरकलं की मागचा पोल दुसऱ्याच्या हाती जाईल. स्पर्धा भरवणाऱ्यांनी पोल जागेवर उपलब्ध ठेवले, तर ते घेऊन गाड्या बदलण्याची वेळही कमी जणांवर येईल. यात नवं तंत्रज्ञान काही नाही. भिंतीला टेकलेल्या जोड्यांचा जुना हिशेब तेवढा नव्या काठीला लावायचा आहे.

हॉइटच्या ३.३० पासून डुप्लँटिसच्या ६.३० पर्यंत बरोबर ३ मीटर. ते चढायला खेळाला १२९ वर्षं लागली. त्यातलं किती श्रेय पायांचं, किती पोलचं, हा वाद चालूच राहील. आपल्या मुलांच्या बाबतीत मात्र तो वाद घालण्याआधी पुढचा पोल त्यांच्या हाताशी ठेवायला हवा.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.